आक्कांचा रिठा

रिहे या गावात खोली बघायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा आक्कांनी मला नोकरी कुठं, गाव कोणतं, एकटीच राहणार का, यातलं काहीच विचारलं नाही. अंगणात उभ्या उभ्या त्यांनी माझी वेणी हातात घेतली, शेंडा चिमटीत धरून चोळून बघितला आणि घराकडं तोंड करून नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, हिला देऊ वरची खोली. पोरीचं लई हाल चाललंत."

हाल म्हणजे केसांचे. त्याआधी मी हिंजवडीत एका उंच इमारतीत राहत होते. तिथं टँकरचं पाणी यायचं आणि त्या पाण्यानं डोकं धुतलं की कंगव्यात उंदराएवढा गुंता निघायचा. मी मूळची परभणीकडची. आमच्याकडचं पाणीही काही फार प्रेमळ नाही, पण ते इतकं वैर धरत नाही. रिह्याहून घोटावडे, माण करत स्कूटरनं ऑफिस गाठायचं म्हणजे रोज कंबरेची परीक्षा. तरी मी ती खोली घेतली. खरं म्हणजे ती मला केसांच्या जोरावर मिळाली होती.

आक्का साठीच्या पुढच्या होत्या. उंचीनं बेताच्या, अंगानं काटक, आणि त्यांचे स्वतःचे केस मात्र गुडघ्यापर्यंत येतील एवढे. त्या केसांना त्या 'जाहिरात' म्हणत नसत, पण वापरत तशाच. कुणी दारात आलं आणि बोलण्याची गाडी आजारपणावर वळली की आक्कांचा अंबाडा आपोआप सुटायचा. मग तो सावकाश बांधता बांधता त्या म्हणायच्या, "आमाला बाई दुसरं काय ठावं न्हाई. रिठा."

घराच्या मागच्या अंगाला, गोठ्याच्या पलीकडं रिठ्याचं झाड होतं. थंडीच्या सुरुवातीला त्याला बारीक पांढुरका मोहर यायचा आणि मधमाश्यांच्या गुणगुणीनं गोठ्यातली म्हैसही कान हलवत उभी राहायची. उन्हाळ्याच्या तोंडाला फळं पिकायची. तीन-तीन एकमेकांना चिकटलेली, तपकिरी, सुकली की म्हाताऱ्या माणसाच्या गालासारखी सुरकुतलेली. आक्का ती अंगणात वाळवायच्या, दगडानं ठेचून आतलं काळं कुळकुळीत बी काढायच्या आणि साली कणगीत भरून ठेवायच्या. आपल्या घरात तांदूळ संपला तर माणूस शेजाऱ्याकडं जातो. आक्कांच्या घरात रिठा संपला असता तर काय झालं असतं याची कल्पना काकांनाही करवत नसे.

काका म्हणजे त्यांचे यजमान. तालुक्यात दुधाची गाडी चालवून दमलेले, आता निवांत झालेले गृहस्थ. बोलणं कमी, मिशी मोठी.

आक्का रिठ्यानं काय धुवत नव्हत्या ते सांगणं सोपं. त्या रिठ्यानं देव धुवायच्या, मंगळसूत्र धुवायच्या, लग्नातला शालू धुवायच्या, घोंगडी धुवायच्या, म्हैस धुवायच्या. मिरचीच्या रोपांवर मावा पडला की रिठ्याचं पाणी शिंपडायच्या. एकदा मी ऑफिसातून येऊन बॅग पायरीवर ठेवली आणि चहा प्यायला आत गेले, तेवढ्यात त्यांनी तीही धुतली. ऑफिसचं ओळखपत्र बॅगेतच होतं. दुसऱ्या दिवशी दारावरच्या रखवालदारानं ते हातात घेऊन बघितलं, माझ्याकडं बघितलं. फोटो स्वच्छ झाला होता. इतका की त्यात मी उरलेच नव्हते.

"मळ निगाला म्हणायचा," आक्का म्हणाल्या.

औषधांचा विभाग निराळाच. डोक्यात उवा झाल्या, रिठा. कोंडा, रिठा. पायाला चिखल्या झाल्या, खरूज उठली, रिठ्याच्या पाण्यानं धुवा. छातीत कफ दाटला तर सालीची चिमूटभर पूड मधातून. विंचू चावला तर साल उगाळून लेप. तान्ह्या मुलाला नजर लागू नये म्हणून काळं बी दोऱ्यात ओवून गळ्यात. वाडीतल्या प्रत्येक बाळाच्या गळ्यात ते बी असायचं आणि दात येताना प्रत्येक बाळ ते चोखायचं. त्यामुळं रिह्यातली मुलं जन्मतःच आक्कांची गिऱ्हाईकं होती असं म्हणायला हरकत नाही. फुकटची गिऱ्हाईकं, अर्थात. आक्का औषधाचे पैसे घेत नसत. फक्त गुण आला की सगळ्यांना सांगायचं, एवढीच अट.

आणि गुण आला नाही असं सांगायची सोय नव्हती.

माझं डोकं अर्धं दुखायचं. एका रविवारी मी खोलीत अंधार करून पडले होते. आक्का वर आल्या. हातात वाटी, वाटीत कापूस. "अर्धशिशी हाय ती. नाकात दोन थेंब घालायचं, दुसऱ्या बाजूला. मोकळी हुशील." दुसऱ्या बाजूला म्हणजे डोकं डावीकडं दुखत असेल तर थेंब उजव्या नाकपुडीत. यामागचं कारण मी विचारलं नाही, कारण डोकं दुखत असताना कुणाशीही वाद घालायची माझी तयारी नव्हती.

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. कुणीतरी नाकातून मेंदूत मिरचीची वात लावल्यासारखं वाटलं. मी उठून बसले आणि शिंकू लागले. शिंकत शिंकत जिना उतरले, अंगणात आले, शिंकतच म्हशीपाशी गेले. काकांनी तांब्याभर पाणी आणून दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर अनुभवी माणसाची सहानुभूती होती.

शिंका थांबल्यावर आक्कांनी विचारलं, "डोस्कं हाय का ऱ्हायलं?"

"कळत नाही आक्का. नाक एवढं जळतंय की डोक्याचं काही कळतच नाही."

"मग ऱ्हायलं," त्या म्हणाल्या आणि वाटी घेऊन आत गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळलं की वरच्या खोलीतल्या पोरीचं डोकं आक्कांनी थांबवलं. मीही नाही म्हटलं नाही. नंतर मात्र डोकं दुखलं की मी ते कुणाला कळू देत नसे. त्यामुळं आक्कांच्या हिशेबी मी कायमची बरी झाले.

त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे विषाची गोष्ट. ती मी इतक्या वेळा ऐकली की मला स्वतःला तिथं हजर असल्यासारखं वाटायचं. त्या नवी नवरी असताना शेजारच्या घरातल्या लहान मुलानं काहीतरी विषारी खाल्लं. काय खाल्लं ते सांगण्यागणिक बदलायचं. कधी कण्हेरीच्या बिया असायच्या, कधी उंदराचं औषध, पाऊस जास्त असेल त्या वर्षी धोत्राही असायचा. घरात रडारड. रस्ता नाही, गाडी नाही, ओढ्याला पाणी. आक्कांनी रिठ्याचं पाणी फेसाळून मुलाचं नाक धरून त्याला पाजलं आणि मुलानं सगळं ओकून टाकलं. "पोटातलं आवसान सुदिक भाइर आलं," असं त्या म्हणायच्या. पोर वाचलं.

ते पोर आता जमिनींचे व्यवहार करतं. त्याच्याकडं पांढरी मोठी जीप आहे, गळ्यात जाड साखळी आहे, आणि तालुक्यात त्याला लोक वचकून असतात. पण रस्त्यात समोरून आक्का येताना दिसल्या की तो अजूनही जीप आडवाटेला घालतो. त्याच्या बायकोनं मला एकदा सांगितलं की आक्कांना नुसतं बघितलं तरी त्याला मळमळतं. आक्कांना मात्र वाटायचं, तो आदरानं बाजूला होतो.

मी एकदा भीत भीत त्यांना म्हटलं की आता डॉक्टर असं करू देत नाहीत, काही विषं ओकताना जास्त इजा करतात. मला वाटलं, चिडतील. पण त्यांनी शांतपणे मान हलवली. "मला ठावं हाय गं. आता पौडला दवाखाना हाय, दारात गाडी हाय. आता कशाला पाजू? तवा काय हुतं हितं? रिठा हुता."

हा त्यांचा शहाणपणा मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला त्या अगदीच वेड्या वाटतील.

घरात त्यांना फक्त एक फितूर होता. काका. मी राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी ते माझ्या स्कूटरपाशी आले. इकडं तिकडं बघून म्हणाले, "पोरी, हिंजवडीवरनं येताना येवढं एक काम कर. शाम्पूच्या पुड्या आन. गुलाबाच्या नगं, वास मारत्यात. साध्या आन." डोक्यावर त्यांच्या फारसं काही उरलेलं नव्हतं. पुड्या मिशीसाठी होत्या. रिठ्यानं मिशी राठ होते आणि जेवताना टोचते, असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी ते शेतातल्या मोटारीवर आंघोळीला जायचे आणि येताना मिशी अशी मऊ, अशी चमकदार असायची की आक्का कौतुकानं मला दाखवायच्या. "बघ. रिठ्याची किमया." काका खाली मान घालून चपला काढायचे. पुड्या त्यांनी माझ्या स्कूटरच्या डिकीत, पान्यांच्या फडक्याखाली लपवलेल्या असत.

आता बाईंबद्दल सांगायला हवं.

आमच्या घरावरून चढ चढून गेलं की एक बंगला होता. तिथं बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई एकट्या राहत. पुण्यातलं घर सोडून त्या इथं आल्या होत्या. दारात दगडी हौद, हौदात कमळं आणि केशरी-पांढरे मासे. त्या माशांना त्यांनी बँकेतल्या लोकांची पदं दिली होती. सगळ्यात जाडा तो मॅनेजर. खाणं टाकलं की सगळ्यांच्या आधी वर येणारा कॅशियर. कमळाच्या पानाखाली दिवसभर पडून असणारा शिपाई. आणि एक ऑडिटर होता. तो कधीतरीच दिसायचा, पण दिसला की बाकीचे पांगायचे.

आक्कांना हे अगदी हास्यास्पद वाटायचं. "माशाला कुनी नाव ठिवतं व्हय?" त्या बाईंच्या तोंडावर म्हणायच्या. बाई हसून म्हणायच्या, "तुम्ही म्हशीला ठेवता ना?" "म्हस दूध देती." "हे सोबत देतात," असं बाई म्हणायच्या आणि तिथं तो विषय थांबायचा. पण संध्याकाळी दूध द्यायच्या निमित्तानं आक्का वर जायच्या आणि हौदाच्या काठावर दोघी बराच वेळ बसायच्या. एक बँकेतली भांडणं सांगायची, दुसरी रिठा सांगायची. दोघींपैकी कुणी दुसरीचं किती ऐकत होती, देव जाणे.

एका भाद्रपदात, पाऊस ओसरता ओसरता, बाई त्या हौदाच्या काठावरच घसरल्या. फरशीवर शेवाळ धरलं होतं. मनगट मोडलं. प्लास्टर घालून त्यांची बहीण त्यांना कोथरूडला आपल्या घरी घेऊन गेली. जाताना बाईंनी फाटकाची चावी आणि माशांच्या खाण्याचा डबा आक्कांकडं दिला. "थोडंसंच टाका, आक्का. मॅनेजर कितीही मागत आला तरी."

आक्कांनी ते काम मनापासून केलं. रोज सकाळी वर जायच्या, चिमूट चिमूट टाकायच्या. परत आल्यावर काकांना सांगायच्या, कॅशियर आज सुस्त होता, शिपाई हलला. नावं ठेवणं हास्यास्पद असतं हे त्या विसरल्या असाव्यात.

मग त्यांच्या मनानं घेतलं की बाई एका हातानं परत येणार, फरशीवर शेवाळ तसंच असणार आणि त्या पुन्हा घसरणार. एके दिवशी मी ऑफिसातून परतले तर आक्का पदर खोचून चढावरून उतरत होत्या. हातात रिकामं पातेलं आणि काथ्याचा बोळा. चेहरा सणासारखा. "जाऊन बघ वर. फरशी आरशावानी केलीया. मोटं पातेलं भरून रिठा उकळला, घास घास घासलं. आता पाय ठिवला तर चिकटून बसंल."

मी म्हटलं उद्या बघते.

सकाळी मी ऑफिसला निघाले होते तेव्हा वरून काकांची हाक आली. ते सहसा कुणाला हाक मारत नाहीत, म्हणून मी पळत गेले. फरशी खरोखर आरशासारखी होती. तिचा उतार हौदाकडं होता. हौदाच्या कडेला अजून थोडा फेस चिकटलेला होता, आणि पाण्यावर सगळे मासे आडवे पडले होते. एकटा मॅनेजर कडेला तोंड उघडत-मिटत होता. आक्का त्याला ओंजळीत धरून बादलीतल्या चांगल्या पाण्यात सोडत होत्या, पुन्हा धरत होत्या, पुन्हा सोडत होत्या. थोड्या वेळानं तोही हलायचा थांबला.

आक्का त्या स्वच्छ फरशीवर खाली बसल्या. मी म्हटलं, "आक्का, तुम्हाला काय माहीत होतं."

"मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्या भ्रमिष्टासारखं बोलताहेत. पण नाही. त्यांचं माहेर जवळच्या धरणाच्या वरच्या अंगाला. उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी तुटून डोह उरले की त्यांचे वडील आणि भाऊ रिठा कुटून डोहात टाकायचे. मासे गुंगून वर यायचे आणि पोरं टोपल्यांनी गोळा करायची. "बाप टाकायचा आन् म्या गोळा करायची. घरी आनून आमीच खायाचो. हे सगळं मला ठावं हाय. आन् काल येवढं वताना मला त्यातलं कायबी आठवलं न्हाई. फरशी तेवढी दिसली."

काकांनी खड्डा खणला, चाफ्याच्या झाडाखाली. आक्कांनी एकेक मासा स्वतः ठेवला. ठेवताना त्या हळूच म्हणत होत्या, "ह्यो कॅशियर. ह्यो शिपाई." ऑडिटर कोणता ते त्यांना ओळखू येईना. म्हणून त्या बराच वेळ दोन मासे हातात घेऊन बसल्या.

घरी आल्यावर आमची मसलत झाली. मी म्हटलं, उष्म्यानं गेले असं सांगू. वातावरण बदलतं, मासे नाजूक असतात. काका म्हणाले, पुण्यात असले मासे मिळतात, तसलेच आणून सोडू, बाईला काय कळतंय. आक्कांनी दोघांकडं असं बघितलं की आम्ही चहा पिऊ लागलो. "मॅनेजर कुटं मिळतुया पुन्यात?" त्या काकांना म्हणाल्या. फोन करा म्हटलं तर तेही नको. त्यांनी ठरवलं होतं की कोथरूडला जाऊन सांगायचं.

आक्का पुण्याला जात नसत. पुण्यात कुणाला कशाची गरज नाही आणि आपण दिलेलं कुणी घेत नाही, असं त्यांचं मत होतं. मी रजा टाकली आणि आम्ही पौडहून बसनं निघालो. भूगावच्या गर्दीत बस अडकली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "काय म्हणू गं आधी?" मी काहीतरी सुचवलं. त्यांनी ते मनात घोळवून बघितलं आणि नको म्हणाल्या.

बहिणीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. बाई खुर्चीत बसल्या होत्या, हात गळ्यात. आक्कांना बघून त्यांचा चेहरा उजळला. "अहो, तुम्ही पुण्यात?"

आक्का बसल्या नाहीत. "बाई, तुमचं मासं मेलं. म्या मारलं. फरशीवर रिठा वतला, त्यो हौदात उतरला. रिठ्यानं मासं मरत्यात हे मला ठावं हुतं."

बाईंनी गळ्यातला हात मोकळ्या हातानं सावरला. मग त्यांनी विचारलं, "सगळे?"

"सगळं."

"मॅनेजर?"

"त्यो बी. शेवटाला."

बाईंनी खिडकीकडं तोंड केलं. "हे फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, आक्का. एवढ्या लांब यायची काय गरज होती?"

"फोनवर तुमाला मला बोलता आलं नसतं. बोला काय बोलायचं ते."

पण बाई बोलल्या नाहीत. बहिणीनं चहा आणला. आक्कांनी तो उभ्यानंच प्यायला, कारण नाही म्हणणं आणखी वाईट दिसलं असतं. निघताना बाई खिडकीकडंच बघत म्हणाल्या, "चावी टेबलावर ठेवा."

बाईंनी चार शिव्या दिल्या असत्या तर आक्कांना बरं वाटलं असतं असं मला वाटतं. चावी ठेवून यावी लागेल, याची त्यांनी तयारी केलेली नव्हती.

त्यानंतर त्यांनी रिठा सोडला.

कणगीवर झाकण पडलं ते पडलंच. वाडीतली एक बाई लेकीच्या उवांसाठी आली, तिला आक्का म्हणाल्या, "मेडिकलात मिळतंय की औषद." ती बाई घाबरून काकांना विचारायला गेली की आक्कांना बरं नाही का. रविवारी आक्कांनी न्हायचं पाणी काढलं, सरळ स्कूटरपाशी गेल्या, डिकी उघडली, पान्यांचं फडकं बाजूला केलं आणि शाम्पूची एक पुडी घेऊन आत निघून गेल्या.

काका अंगणात उभे होते. मीही होते. आम्ही दोघं एकमेकांकडं बघू शकलो नाही.

"तिला पयल्यापास्नं ठावं हुतं तर," काका शेवटी म्हणाले. त्यांना धक्का बसला होता तो वेगळाच. इतकी वर्षं जपलेलं पाप बायकोनं कौतुक करून करून पोटात घातलं होतं, हे त्यांना आता कळत होतं. त्या दिवसापासून शाम्पूची मजाच गेली. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच चार रिठे भिजत घातले, बायकोला जरा उमेद यावी म्हणून. फेस डोळ्यांत गेला. आंधळ्यासारखे चाचपडत बाहेर आले आणि म्हशीच्या गव्हाणीवर आपटले. एरवी आक्का हसून लोळल्या असत्या. त्यांनी नुसतं पाणी आणून दिलं.

बाई परत आल्या त्या प्लास्टर घालूनच. आक्का वर गेल्या नाहीत. रोज सकाळी दोन भाकरी आणि कालवण डब्यात भरून माझ्या हाती द्यायच्या. "फाटकावर ठिव. माझं नाव काडू नगंस." नाव कशाला काढायला हवं होतं? आक्कांच्या हातची भाकरी बाईंना ओळखू येत नव्हती थोडीच. डबा मी फाटकावर ठेवायची आणि संध्याकाळी तो तिथंच असायचा, धुतलेला, पुसलेला, रिकामा. चिठ्ठी नाही, निरोप नाही. आक्का डबा उघडून आत बघायच्या, मग झाकण लावून ठेवायच्या. एका हातानं बाई तो डबा कसा घासत असतील, हा विचार माझ्या मनात यायचा. त्यांच्याही येत असावा.

नवरात्र झालं. ऊन चटचट लागू लागलं. त्या दिवसांतल्या एका रविवारी सकाळी मी पायरीवर बसून केस विंचरत होते, तर चढावरून बाई उतरताना दिसल्या. सावकाश, एकेक पाऊल ठेवत. खांद्यावर पंचा. प्लास्टरचा हात गळ्यात. अंगणात आल्या आणि माझ्याकडं न बघता सरळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"आक्का, डोकं धुवून द्याल का? एका हातानं जमत नाही. बहिणीनं धुतलं होतं दोनदा, पण तिला फार घाई असते."

आत भांड्यांचा आवाज थांबला. आक्का बाहेर आल्या. हात पदराला पुसत म्हणाल्या, "बसा." मला म्हणाल्या, "पाट आन." पाट मी आणला. त्या लगबगीनं आत गेल्या, चुलीवर पाणी ठेवलं आणि येताना हातात शाम्पूची पुडी घेऊन आल्या.

"ह्यांचा शाम्पू हाय. चांगला हाय. वास मारत न्हाई."

बाईंनी पुडीकडं बघितलं. "रिठा संपला का?"

"न्हाई. हाय की. पर..."

"मग रिठाच लावा," बाई म्हणाल्या. "मी काही मासा नाही."

काका गोठ्याच्या छपराकडं बघू लागले, जणू तिथं काही गळत होतं. मी कंगव्यातले केस काढत बसले. आक्का पुडी हातात धरून तशाच उभ्या होत्या. रडतील की हसतील काही सांगता येईना, आणि मला वाटतं त्यांनाही येत नव्हतं.

"भिजवलेला न्हाई," शेवटी त्या म्हणाल्या. "उकळायला लई येळ जाईल."

"थांबते मी."

आक्का आत गेल्या. किती दिवसांनी कणगीवरचं झाकण निघालं आणि मूठभर साली चुलीवरच्या पाण्यात पडल्या. पण साली भरताना काही फळं तशीच राहिली होती, बी न काढलेली. ती सुपात घेऊन त्या बाईंच्या समोर खाली बसल्या आणि दगडानं ठेचू लागल्या. बाई मोकळ्या हातानं त्यातून काळं बी वेचून बाजूला ठेवू लागल्या. आत चुलीवर पातेलं चढलेलं होतं आणि तो आंबूस, उग्र वास हळूहळू अंगणात पसरत होता.

"हौद रिकामा केला का?" आक्कांनी वर न बघता विचारलं.

"केला. पुन्हा भरला. आता बेडूक आलेत त्यात. दोन तरी असतील. संध्याकाळी ओरडतात."

आक्कांनी आणखी एक रिठा ठेचला. "नावं ठिवली का?"

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "ओळख तर होऊ दे."

आक्कांनी मान डोलावली, आणि पातेलं उतू जातंय का बघायला उठल्या.